फरशीवरचा डाग

मोटारीचे भाग अजून एकमेकांशी बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट. एका जुन्या गाडीत रेडिएटरची रबरी नळी आणि गिअरबॉक्स शेजारी राहत. नळीची क्लिप सैल झाली आणि गाडीच्या मालकीण सुलभावहिनींच्या अंगणातल्या धुतलेल्या फरशीवर रोज कूलंटचा हिरवा डाग पडू लागला.

वहिनी कुरकुरत तो पुसत. नळीला मेल्याहून मेल्यासारखं होई.

"माझं बघ," गिअरबॉक्स म्हणे. "इतकी वर्षं झाली, माझ्या तेलाचा थेंब कुणी पाहिला नाही."

ते तेल काळं पडून जळकट झालं होतं, हे मात्र त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

शेवटी याकूबमिस्त्री आले. त्यांनी गाडीखाली पुठ्ठा अंथरला, थेंब कुठून पडतो ते पाहिलं आणि नवी क्लिप आवळली.

"गिअरबॉक्सचं तेलही बघून घेऊ का, वहिनी?"

"तो कुठे गळतोय? राहू द्या."

पुढे एका घाटात इंजिन नुसतंच घुमत राहिलं. गाडी जागची हलेना. गिअरबॉक्स आतून जळून गेला होता.

"अरे, एकदा तरी कळू द्यायचंस," नळी म्हणाली.



"फरशी खराब झाली असती ना गं," गिअरबॉक्स म्हणाला.