चारही पाय एकदम

"मग तिघींना आजच न्यायचं ना, चाचा?"

मैथिलीला धाप लागली होती. तिच्या जनावरांच्या आश्रयघराची गाडी दोन मदतनिसांना घेऊन चढ चढून थेट दारात आली होती. खाली आश्रयघराच्या तबेल्यात तीन ठाणं गवतानं भरून तयार होती. रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. आपण फार बोलतोय हे तिला कळत होतं, पण तोंड थांबत नव्हतं.

कासमचाचा नालबंद शेवंती घोडीचा खूर कानशीनं घासत होते. हे काम मैथिली त्यांच्याच हाताखाली दोन वर्षं शिकत होती.

शेवंती, लाडी, पाखरी, तिन्ही घोड्या धाकलू आखाडेच्या. त्यांच्यावर बसवून तो पाहुण्यांना डोंगरभर फिरवायचा. पावसाळ्यात घसरून त्याची कंबर मोडली आणि कमाई आटली, पेंड आटली. आता घोड्यांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात. खूर वाढून चपलेसारखे वळलेले.

अंगावर मात्र धुळीचा कण नव्हता. धाकलू भिंतीला धरून उभा होता आणि हातातला खरारा लाडीच्या पाठीवरून फिरतच होता.

"धाकलूदादा, आता तुम्ही कशाला हात लावायचा नाही. चारा मी बघते, औषध मी बघते, नाल मी ठोकते. तुम्ही सुटलात."

"व्हय, ताई."

"चाचा, बोला की काहीतरी."

"मागचा डावा तू घे." चाचांनी हातातला खूर खाली ठेवला.

मैथिलीनं शेवंतीच्या मांडीवरून हात खाली नेला आणि थांबली. घोडीनं आपणहून पाय हातात दिला.

"बघा, दिला! परवा लाथ मारत होती मला."

"आता उजवा पण उचल."

"हा खाली ठेवून?"

"कशाला? दोन्ही. पुढचेही घे. घाई आहे ना तुला?"

तिला हसू आलं. "पडेल की ती."

"का? जोर कमी पडतोय? गाडीतल्या दोघांना बोलाव."

"जोराचं काय घेऊन बसलात, चाचा? चारही पाय मी उचलले, तर ती उभी कशावर राहील?"

तेवढ्यात धाकलू भिंतीच्या आधारानं जवळ आला. तिघींचे दोर सोडून त्यानं मैथिलीच्या खांद्यावर ठेवले. मग खरारा पुढं केला.

"ह्यो पण न्या. पाखरीला कानामागं लई खाज सुटती... मला आता काय काम त्येचं?"

हात रिकामे झाले, तसा तो मटकन खाली बसला.

तीनही घोड्यांनी माना वळवल्या.

मैथिलीच्या हातात शेवंतीचा पाय तसाच होता. तिनं तो अलगद जमिनीवर टेकवला. खांद्यावरचे दोर पुन्हा खुंट्याला बांधले. धाकलूपाशी उकिडवी बसून तिनं खरारा त्याच्या मुठीत दिला.

"पण चाचा," ती पुटपुटली, "सगळं गवत तर मी खाली भरून ठेवलंय..."

चाचांनी चढ चढून आलेल्या गाडीकडं पाहिलं. मग कानशीवर फुंकर मारली.

"गवताची कंबर तर धड आहे ना?"