डोळ्यांतले कडे

एका राज्यात तांब्याचा डोंगर होता. सकाळचे ऊन त्यावर पडले की सारे नगर तांबूस दिसे. राजवाड्याचे कळस तांब्याचे, दारे तांब्याची, न्हाणीघरातली घंगाळे तांब्याची. डोंगर राजाचा होता आणि राजाच्या घराबाहेर त्यातला कणही जात नसे.

या घराण्याचे दोन नियम होते. पहिला असा, की घरचे धन घरात राहावे म्हणून राजपुत्राने मामाचीच मुलगी करावी. दुसरा नियम डोळ्यांचा. कधी कधी या कुळातल्या एखाद्या मुलाच्या बुबुळाच्या काठाला तांबूस सोनेरी कडे उमटे. मग पुरोहित म्हणत, खरे राजरक्त प्रकटले. त्या मुलाला हत्तीवर बसवत आणि नगारे वाजवत नगरातून नेत. त्या दिवसापासून त्याचे जेवण तांब्याच्या ताटात आणि पाणी तांब्याच्या कळशीतले. त्याच्या भांड्यांना कल्हईसुद्धा करत नसत, कारण कडेवाल्याला शुद्ध तांबे हवे.

कड्याची मुले फार जगत नसत. देवाला आवडले ते देवाने नेले, असे लोक म्हणत. राजमंदिरात त्यांच्या तांब्याच्या मूर्ती ओळीने उभ्या होत्या. कुळातल्या सुना आपली बाळे त्यांच्या पायांवर घालून म्हणत, "माझ्याही लेकराच्या डोळ्यांत कडे उतरू दे."

ताक तांब्यात कळकते, हे त्या वाड्यातली प्रत्येक दासी जाणत होती. मूलही तांब्याने कळकेल, हे कोणाच्या मनात आले नाही.

या गादीवर राजा धीरसेन होता. त्याची राणी इरावती ही त्याच्या मामाची मुलगी, म्हणजे राजमाता भानुमतीची सख्खी भाची. आत्याच्या घरी ती सून होऊन आली. त्यांना एक मुलगा झाला, उदयसेन, आणि पुष्कळ वर्षांनी एक मुलगी, कुमुद.

उदय दहा वर्षांचा झाला आणि त्याच्या डोळ्यांत कडे उतरले. नगारे वाजले. राजमातेने आपल्या हाताने त्याला तांब्याच्या कळशीतले पाणी पाजले. पुढच्या वर्षी त्याचे अक्षर वाकडे येऊ लागले. गुरुजी म्हणाले, आळस. मग हातातला पेला सांडू लागला. जीभ जड झाली, शब्द ओले आणि तुटके येऊ लागले. तो उगाच चिडे आणि मग उगाच रडे. एकदा भर दरबारात त्याच्या हातून तलवार पडली.

राजा म्हणाला, "राजपुत्राच्या हातून तलवार पडत नसते."

उदय म्हणाला, "मी पाडली नाही, महाराज. ती पडली."

दरबार हसला. राजाने त्याला बाहेर जायला सांगितले. तो गेला, आणि पुन्हा दरबारात आला नाही. त्याने अंथरूण धरले. जसा तो खंगत गेला तसे त्याच्या ताटाभोवती तांबे वाढत गेले. एका हिवाळ्यात तो गेला, आणि राजमंदिरात आणखी एक मूर्ती उभी राहिली.

कुमुद नऊ वर्षांची झाली. एका सकाळी राणी तिच्या डोळ्यांत काजळ घालत होती. बोट पापणीशी आले आणि तिथेच थांबले.

"आई, काजळ फिसकटले का?"

"नाही. मान हलवू नकोस."

काजळ फिसकटले नव्हते. बुबुळाच्या काठाला कोवळ्या उन्हासारखी एक रेघ होती.

राणीने ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. ती रोज मुलीला दाट काजळ घाली आणि सांगे, मोठ्यांसमोर नजर खाली ठेवावी. राजमातेला ते खपले नाही. ती म्हणाली, "इतके काजळ? पोरीला नजर लागू नये म्हणून घालतेस, की सोंग काढायचे आहे तिचे?"

"तिला आवडते, आत्याबाई."

पण पंगतीत एक दिवस कुमुदच्या हातून कढीची वाटी सांडली. दुसऱ्या दिवशीही सांडली. तेव्हा राणीने पायांतले पैंजण काढले, आणि साधे लुगडे नेसून ती डोंगराच्या पायथ्याशी गेली.

तिथे एका उंबरावर तांबट पक्षी राहत असे. दिवसभर टुक् टुक् असा त्याचा आवाज चाले, जणू कोणी घडा ठोकत आहे. तो माणसासारखा बोलतो, हे साऱ्या नगराला ठाऊक होते. विचारायला मात्र कोणी जात नसे, कारण तो खरे बोले.

राणी हात जोडून म्हणाली, "पक्ष्या, माझ्या मुलीच्या डोळ्यांत कडे उतरले आहे."

"मग नगारे का ऐकू येत नाहीत?"

"मी कोणाला सांगितले नाही."

पक्ष्याने ठोकणे थांबवले. "या घराण्यात असे करणारी तू पहिली. बैस."

मग त्याने सांगितले. "पक्षी होण्याआधी मी या नगरात भांडी घडवणारा तांबट होतो. डोंगर तेव्हा सर्वांचा होता. तुमच्या पूर्वजाने तो एकट्याने घेतला आणि आमच्या भट्ट्या विझल्या. माझे मूल भुकेने गेले. मी शाप दिला, की तू जे साठवतोस ते तुझ्या मुलांच्या अंगात साठेल. शाप त्या राजाच्या दोन मुलांवर पडला आणि दुभंगला. भावाकडे अर्धा, बहिणीकडे अर्धा. अर्ध्या शापाने काही होत नाही. तो नुसता रक्तात झोपून राहतो आणि आईबापांकडून मुलांकडे कधी जातो, कधी जात नाही. मी म्हटले, मुली परक्या घरी जातील, सुना परक्या घरून येतील, अर्ध्याला अर्धा भेटणार नाही, आणि शाप विरून जाईल. पण तुम्ही भावाची मुलगी बहिणीच्या मुलाला देत राहिलात. धन घराबाहेर जाऊ नये म्हणून शापही घरातच ठेवलात. वर त्याला तांबे पाजलेत."

राणी म्हणाली, "शाप मागे घे."

"तोंडातून गेलेला शाप मागे येत नाही. त्याची वाट अडवता येते. त्याला तीन कामे आहेत. डोंगरामागे पांढरे तळे आहे, तिथली वेल आण."

पांढऱ्या तळ्यावर श्वेताक्ष नावाचा मांत्रिक पहारा करी. त्याला पापण्या नव्हत्या आणि तो झोपत नसे. राणीने वेल मागितली.

तो म्हणाला, "ही वेल अंगातले तांबे ओढून घेते. महाकडू आहे. वाटून रोज द्यावी लागेल."

"किती दिवस?"

"जन्मभर. चार दिवस चुकलीस तर तांबे पुन्हा चढेल."

"जन्मभर?" राणी म्हणाली.

"जन्म लांब व्हावा, अशीच इच्छा आहे ना?"

राणीने मान खाली घातली. मांत्रिकाने वेलीच्या कानात काहीतरी सांगितले. वेलीने मुळे मातीतून सोडवली आणि ती वासरासारखी राणीच्या मागून चालत आली.

पक्षी म्हणाला, "पहिले झाले. एक अर्धा तुझ्याकडे आहे. आता ज्याच्याकडे दुसरा अर्धा आहे, त्याने ते सर्वांदेखत मान्य केले पाहिजे. मातीच्या कोऱ्या परळात रक्ताचा एक थेंब पाड. अर्धा शाप असेल तर परळ वाजेल."

राणी परळ घेऊन वाड्यात आली. तिने मुलीचे काजळ पुसले आणि तिला भर सभेत राजापुढे उभे केले. राजाने कडे पाहिले. आधी त्याचा चेहरा उजळला, कारण लहानपणापासून त्याला तेच शिकवले होते. मग राणीने सारे सांगितले, आणि तो संतापला.

"माझ्या रक्तात शाप? असलाच तर तो तुझ्या माहेरून आला असेल."

राजमाता पानदान पुढ्यात घेऊन बसली होती. ती ताडकन म्हणाली, "धीरसेना, जपून बोल. तिचे माहेर तेच माझे माहेर. माझ्या बापाच्या घराला नावे ठेवतोस?"

एवढे बोलून ती थांबली. अडकित्ता हातात तसाच राहिला.

राणीने परळात थेंब पाडला. परळ वाजला, फरशीवर पेला पडावा तसा. मग राजाने बोटाला सुई टोचली. परळ पुन्हा तसाच वाजला. सेवक, मंत्री, पुरोहित सारे उभे होते. साऱ्यांनी ऐकले.

"आता माझे बोट धर," राजमाता म्हणाली.

"आत्याबाई, गरज नाही."

"धर म्हणते ना."

परळ तिसऱ्यांदा वाजला. म्हातारी कितीतरी वेळ त्या मातीच्या परळाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "माझ्या धाकट्या भावाच्या डोळ्यांत कडे होते. त्याचे नगारे वाजले तेव्हा मला त्याचा हेवा वाटला होता." मग तिने कुमुदकडे पाहिले. "उदयला पाणी मी पाजत असे. तो नको म्हणायचा. आजी, जीभ जळते म्हणायचा. मी म्हणायचे, आजीचा शब्द मोडू नये."

तिने हातातला अडकित्ता खाली ठेवला.

"त्याने मोडला नाही," राजमाता म्हणाली.

कुमुद आजीजवळ गेली आणि तिच्या मांडीवर डोके ठेवून निजली. राजा सभेसमोर उभा राहिला. "हे माझ्याकडूनही आले आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज मोठा नव्हता, पण मागच्या रांगेपर्यंत गेला.

मग राजा आणि राणी दोघेही पायी उंबराखाली आले. तांबट म्हणाला, "दुसरे झाले. तिसरे सर्वांत अवघड. राजमंदिरातल्या मूर्ती वितळवा आणि ते तांबे डोंगराला परत द्या. त्या पूजेत आहेत तोवर कोणीतरी आई आपल्या लेकराच्या डोळ्यांत कडे मागत राहील."

राणी म्हणाली, "तिथे उदय आहे. त्याचा चेहरा तेवढाच उरला आहे."

"ठाऊक आहे," पक्षी म्हणाला.

भट्टी पेटली. एकेक मूर्ती आत गेली. उदयच्या मूर्तीला मात्र कारागीर हात लावेनात. ते म्हणाले, "धाकल्या महाराजांना आम्ही कसे ढकलावे?" तेव्हा राणी स्वतः मूर्तीपुढे जाऊन उभी राहिली. मूर्ती ताठ होती. मान वर, उजव्या हातात तलवार, आणि हात कसा स्थिर.

"हा तो नव्हेच," राणी म्हणाली. "त्याचा हात असा कुठे राहत होता?"

राजा म्हणाला, "मीच मूर्तिकाराला सांगितले होते, हात थरथरता दाखवू नकोस म्हणून."

"तो हात तुम्हांला दाखवायचा नव्हता. मला तोच आठवतो. त्याच हाताने तो कुमुदला भरवायला जायचा. निम्मा भात तिच्या नाकाला लागायचा. मग म्हणायचा, नाकालाही भूक लागते, आई."

राजा हे ऐकून हसला, आणि हसता हसता खाली बसला. हा विनोद त्याने कधी ऐकला नव्हता. दरबाराबाहेर काढल्यानंतरचा उदय त्याला फारसा ठाऊकच नव्हता.

मग तो उठला, त्याने मूर्तीला मिठी मारून उचलली आणि भट्टीत ठेवली. भाता त्यानेच ओढला. तांबे वितळले, लाल झाले, आणि कोणी न ओतता मंदिराच्या पायऱ्या उतरून, रस्ता ओलांडून, चढण चढत डोंगरात शिरले.

त्याच दिवशी दवंडी फिरली. डोंगर पुन्हा साऱ्या कारागिरांचा झाला. राजघराण्याने मामाच्या घरची सोयरीक करू नये असे ठरले, आणि मामाच्या मुलाशी कुमुदचे पाळण्यातच ठरलेले लग्न मोडले. राणीच्या भावाने निरोप धाडला, "ताई, पिढ्यान्‌पिढ्यांची सोयरीक तोडलीस." राणीने उलट निरोप दिला, "भाऊ, तुझ्या नातवंडांसाठी तोडली. तुझ्या मुलांचे डोळे उजेडात पाहा. काही दिसले तर वेल माझ्याकडे आहे."

शेवटी राजा एकटा उंबराखाली गेला. तो म्हणाला, "एक विचारायचे आहे. उदयच्या डोळ्यांत कडे उतरले, तेव्हाच मी आलो असतो तर?"

"तर हेच सांगितले असते."

"वेल तेव्हा होती?"

"होती. मीही याच फांदीवर होतो. तुमचा हत्ती या झाडाखालून गेला. मी पुष्कळ ओरडलो. नगारे फार मोठ्याने वाजत होते, महाराज."

एवढे बोलून पक्ष्याची वाचा संपली. त्यानंतर तो साध्या तांबट पक्ष्यासारखा टुक् टुक् करू लागला आणि ऊन चढल्यावर उडून गेला.

अशी शापाची वाट अडली. वाड्यात मातीची भांडी आली. कुमुद वाढली. तिच्या डोळ्यांतले कडे हळूहळू फिकट झाले. हाताचा कंप थोडा राहिला, अक्षर थोडे वाकडे राहिले, आणि त्याबद्दल तिला कोणी कधी टोकले नाही. पुढे तिने दूरच्या देशीचा नवरा केला आणि तिच्या मुलांचे डोळे काळेभोर निघाले.

पण ते पुष्कळ पुढचे. त्याआधी कितीतरी वर्षे रोज सकाळी राजा धीरसेन अंगणात पाटा घेऊन बसे आणि स्वतः वेल वाटे. कुमुद नाक मुरडे. "बाबा, आज जास्त कडू आहे."

"रोज तितकीच असते."

"मग आधी तुम्ही प्या."

राजा आधी एक घोट घेई. मग ती डोळे मिटून परळ तोंडाला लावी. तरी पाट्यावर हिरवा गोळा उरलेला दिसे, एका माणसाला पुरेल एवढा.

"बाबा, एवढी कोणासाठी वाटली?"

"माप चुकले," राजा म्हणे.

आणि ते रोज चुकत असे.