निळीचा रांजण

“...मग बुजवूनच टाकू का हा रांजण, बुवा?”

येसाजी निळारी बोलून गेला खरा, पण त्याचंच काळीज चर्र झालं. कापड रंगवायचा हा रांजण त्याच्या आज्याने जमिनीत पुरला होता. त्याला रोज गूळ-चुना घालायचा, हलक्या हाताने ढवळायचं; जरा हयगय झाली की आतली नीळ मरते. ती आजवर कुणी मरू दिली नव्हती. आता घरात गुळाचा शेवटचा खडा उरला होता.

पावसाने पुन्हा दगा दिला होता. पेठेतले व्यापारी कोरी लुगडी रंगवायला पाठवत, ते फिरकेनासे झाले. येसाजी दार लावून त्यांची वाट बघत बसला. गावातल्या बायाबापड्या विटकी जुनेरं घेऊन यायच्या. नवं घ्यायची ऐपत नाही, मूठभर दाणे घ्या पण रंग द्या, म्हणायच्या. तो त्यांना उंबऱ्यावरूनच परत पाठवी. वाघ उपाशी मेला तरी गवत खातो होय?

हंसबुवा त्याचे गुरू, माळावरच्या मठीत राहायचे. आज ते येसाजीच्या घरी, रांजणापाशी येऊन बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

मग खांद्यावरचं ठिगळाचं उपरणं काढलं आणि रांजणात सोडलं.

येसाजी चरकला. त्या रांजणात जुनेर कधी पडलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने बुवांनी उपरण्याचं टोक वर उचललं. ते हिरवट-पिवळं दिसत होतं.

“निळं कुठंय?”

“आत असेस्तोवर असंच दिसतं, बुवा.”

“मग राहू दे आणखी. मुरेल.”

“वर्षभर मुरलं तरी निळं व्हायचं नाही. बाहेरचं वारं लागावं लागतं त्याला.”

“वारं...”

बुवांनी उपरणं पिळलं, दार उघडलं आणि अंगणातल्या कुंपणावर ते पसरलं. बघता बघता हिरवट रंग निळा होत गेला, ठिगळासकट. येसाजीने हे जन्मभर पाहिलं होतं; आज मात्र त्याचे डोळे भरून आले.

कुंपणापलीकडे एक म्हातारी काखेत जुनं लुगडं घेऊन घुटमळत होती.

येसाजी उंबऱ्याच्या आतच उभा होता.

“पेठेत काय म्हणतील, बुवा?”

बुवांनी कुंपणावरच्या निळ्या उपरण्याकडे बोट केलं.

“येसाजी, तू आणखी किती मुरणार आहेस आत?”