मोराची खोळ

फार जुनी गोष्ट आहे, बरं का. नदीवर पूल बांधावा असं अजून कुणाच्या मनातही आलं नव्हतं, त्या काळची.

एका रुंद नदीच्या अलीकडे गाव होतं आणि पलीकडे देवीचं देऊळ. मध्ये रखमाजी नावाड्याची नाव. नावेत बसायला फळ्या, फळ्यांवर काथ्याच्या गाद्या. पण लाटेचं पाणी उडे, गाद्या भिजत, आणि बायाबापड्या ओल्या लुगड्यानं देवीपुढं उभ्या राहत.

गावात सगुणा नावाची शिंपीण होती. तिनं कापडावर भरलेला मोर पाहून लोक म्हणत, आता हा ओरडणार! एकदा तिची लेक तापानं फणफणली. वैद्य झाले, काढे झाले, ताप उतरेना. सगुणानं देवीपुढं पदर पसरला. "आई, माझ्या चिमणीला बरं कर. तुझ्या वाटेवरच्या नावेला मेणकापडाच्या खोळी शिवीन. तुझ्याकडे येणारं माणूस ओलं होणार नाही."

पहाटे लेकीनं पेज मागितली. सगुणानं दिवा लावला आणि त्याच दिवशी सुतळी घेऊन ती माप घ्यायला गेली.

नावेतली एक फळी दुसरीसारखी नसते. नाव पोटाशी रुंद, टोकाला निमुळती. सगुणानं गादीसकट प्रत्येक फळीचं माप वेगळं घेतलं. जाड कापड तेलामेणात भिजवलं, उन्हात वाळवलं, पुन्हा भिजवलं. शिवताना आईची शिकवण मनात होतीच. सुई घालायची ती फक्त कडेला, आणि कड फळीखाली दडवायची. वर घातलेला एकेक टाका म्हणजे पाण्याला एकेक दार.

खोळी तयार झाल्या. घट्ट, गुळगुळीत, मातकट. सगुणानं त्या अंगणात मांडल्या आणि ती खट्टू झाली. यात तिचा हात कुठं दिसत होता? अशा खोळी कुणीही शिवल्या असत्या.

"एकेक मोर घातला तर देवीलाही आवडेल," ती स्वतःशीच म्हणाली. देवीचं नाव पुढं केलं, म्हणजे आईचा शब्द मागं सारता आला. आणि तिनं प्रत्येक खोळीवर पिसारा फुलवलेला मोर भरला.

काय कौतुक झालं म्हणून सांगू! "सगुणे, अगं यावर बसायचा धीर होत नाही," बाया म्हणत. सगुणा मान खाली घाली, पण कान उघडे ठेवी.

मग जत्रेचा दिवस आला. वारं सुटलं होतं, लाटा नावेत उडत होत्या. नाव गच्च भरलेली. एका बाळंतिणीनं पहिल्यांदाच देवीला दाखवायला आणलेलं तान्हं फळीवर निजवलं होतं. पैलतीर आला आणि तिनं हंबरडा फोडला.

"अगं बाई, दुपटं निथळतंय! लेकरू गारठलं माझं!"

"मी तर बसले कोरडी नि उठले ओली," दुसरी म्हणाली.

"रखमाजी, ही नाव आहे का चाळण?" तिसरी कडाडली.

रखमाजी गोंधळून तळाशी वाकला. वाऱ्यानं उडवलेलं पाणी तिथं साचलेलं होतंच. लोकांना तेवढं पुरलं. नावेला भोक पडलं म्हणून सगळे ओरडू लागले.

सगुणा घाटाच्या पायऱ्या चढत होती. पुढच्या बाईच्या लुगड्यावर, मागच्या बाजूला, ओले ठिपके उमटले होते. रांगोळीच्या ठिपक्यांसारखे. बाकीच्यांना नुसती ओल दिसली. सगुणाला मान दिसली, तुरा दिसला, पिसारा दिसला. सुईच्या भोकांतून पाणी गादीत मुरलं होतं, आणि माणूस बसल्यावर त्याच भोकांतून वर आलं होतं. तिनं हळूच स्वतःचा पदर मागं ओढून घेतला. तिच्याही लुगड्यावर तोच मोर होता.

दर्शन घेऊन सगळे कसेबसे गावाच्या काठाला परतले, तेव्हा पाटील म्हणाले, "रखमाजी, नाव काठावर ओढ. भोक सापडेपर्यंत फेऱ्या बंद. नाही सापडलं तर आम्ही दुसरा नावाडी पाहू."

सगुणाच्या ओठांवर शब्द आला आणि तिथंच अडला. खोळी चुकल्या म्हटलं, तर नवस फसला म्हणतील. आणि देवी? दिलेली लेक परत मागेल का? ती गप्प राहिली.

दुसऱ्या दिवशी ती खोळी मागायला नदीवर गेली. रखमाजीनं नाव वाळूवर पालथी घातली होती. तो फळीफळीवरून तळहात फिरवत होता.

"वहिनी, माझ्या बापाची नाव ही," तो म्हणाला. "कधी फसवलं नाही तिनं. आणि आता माझ्याच हाताला भोक लागत नाही. म्हातारा झालो, दुसरं काय! पण तुझ्या खोळी जपल्यात हं. घरातली कोरडी जागा त्यांना दिली. देवीचं लेणं ते."

सगुणाला त्याच्याकडे पाहवेना. ती खोळी घेऊन घरी आली आणि दार लावून टाके उसवू लागली. दोरा निघाला, रंग गेले, मोर गेला. तिनं खोळ झटकून कवडशात धरली.

"आई, मोर अजून आहे गं!" लेक आनंदानं ओरडली.

भोकाभोकातून ऊन झिरपत होतं. जमिनीवर, लेकीच्या ओंजळीत, उजेडाचा अख्खा मोर उभा होता.

सगुणा मटकन खाली बसली आणि खूप रडली. मग उठली, तोंड धुतलं, खोळी घेतल्या आणि लेकीचं बोट धरून घाटावर गेली. पाटील होते, बाया होत्या, रखमाजी होता. तिनं सगळ्यांदेखत एक खोळ ताणून धरली आणि लेकीला वरून घागर ओतायला सांगितली. पाणी मोराच्या आकारात खाली टपटपू लागलं.

"नावेला भोक नाही," सगुणा म्हणाली. "भोकं मी पाडली. आईनं शिकवलं होतं, माहीत असून पाडली. काल बोलायला हवं होतं, तेही बोलले नाही."

मग कुणीतरी म्हणालंच, "वा गं! नवस देवीचा आणि मोर तुझा!"

सगुणानं रखमाजीच्या पायांवर डोकं ठेवलं. तो म्हणाला, "ऊठ, वहिनी. नाव सुलटी करायला हात लाव." बोलताना त्याचा हात नावेवरूनच फिरत होता.

सगुणानं पुन्हा सुतळी घेतली, पुन्हा मापं घेतली. नव्या खोळी मातकटच झाल्या. टाके सारे फळीखाली.

पुढच्या वाऱ्यावादळात तीच बाळंतीण नावेत आली. तिनं सगुणाकडे एकदा पाहिलं, जरा थांबली, आणि बाळाला फळीवर निजवलं. पैलतीरी सगुणानं दुपट्याखाली हात घातला. कोरडं होतं. खोळ कुणी शिवली, असं त्या दिवशी कुणी विचारलं नाही, आणि सगुणालाही त्याची आठवण झाली नाही.

तिची लेक सुखानं वाढली. देवीनं दिलेलं परत मागितलं नाही. ती आई आहे, मागत नसते. जुनी एक खोळ मात्र सगुणानं जवळ ठेवली. रोज पूजेला ती त्याच खोळीवर बसे.

बाळांनो, बायांनो, एवढंच ध्यानात धरा: आपली चूक गुपचूप उसवून मिटत नाही; ज्या चुकीचा दोष दुसऱ्यावर गेला, ती चारचौघांत कबूल करावी, आणि काम नव्यानं करून द्यावं.