दोरतळ्याचा भेक

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला हे दोरतळं. काठच्या दगडाखाली बसलाय तो भेक, त्याला पाय लावू नका. कातडी कोरडी, अंगभर फोड, उडी वीतभर. आणि पाण्यातून डोळे वर काढलेत तो बेडूक. गुळगुळीत, ओला, एका झेपेत पार पलीकडे जाणारा. दोघे सख्खे भाऊ होते म्हणे. पाहुण्यांना हे माझा दादा सांगायचा. आषाढात तापाने तो गेला. आता मी सांगतो.

फार मागे एका साली तळ्याचा झरा गाळाने बुजला. गुरं मरू लागली. तेव्हा थोरला सटवा कमरेला दोरी बांधून गढूळ डोहातल्या कपारीत उतरला. दोरीचं टोक धाकट्या चांगाच्या हातात. चांगा बडबड्या, एका जागी न ठरणारा.

सटवा म्हणाला, "चांग्या, तोंड सुटलं तर सुटू दे. हात सोडू नकोस."

"जा रे, मला नको शिकवू."

थोड्या वेळाने खालून पाणी उसळलं. चांगाला राहवलं नाही. दोरी दगडाखाली दाबून तो ओरडत गावाकडे पळाला, "पाणी आलं, पाणी आलं." माणसं हंडे घेऊन आली तोवर तळं भरलं होतं आणि दगडाखालची दोरी निसटली होती.

सटवा वर आला नाही. त्याचा बेडूक झाला, असं सांगतात. चांगा काठावर बसून राहिला. त्या पाण्याचा थेंब त्याने तोंडाला लावला नाही. अंग सुकलं, फोड आले, तो भेक झाला. जुनी माणसं म्हणतात, त्याला शाप लागला. दादा म्हणायचा, थोरला भाऊ शाप देत नसतो. मला हल्ली तेवढंच आठवतं.

भेक एरवी पाण्यात जात नाही, पावसाळ्यात अंड्यांपुरता उतरतो. बेडकाची अंडी साबुदाण्याच्या गोळ्यासारखी तरंगतात. भेकाची मात्र लांब माळ असते, दोरीसारखी. चांगा अजून भावासाठी दोरी सोडतो म्हणे. ती माळ इथे कोणी ओढून काढत नाही.

गेल्या साली गाळ काढायला दादा उतरला होता. टोक मी धरलं होतं. तो हसत वर आला.

आजही तळ्यात उतरणाऱ्याच्या कमरेला दोरी असते आणि टोक पाठच्या भावाच्या हातात. पाणी कितीही उसळलं तरी तो हाक मारत नाही. आधी भाऊ वर येतो, मग गावाला पाणी कळतं.