इवलीचा काकडीचा झोका

एक होता मांडव. मांडवावर काकडीचा वेल. वेलावर एक बाळकाकडी. एवढुश्शी! करंगळीच्या नखाएवढी.

तिला लटकून झोके घ्यायची इवली मुंगी. झुई झुई, झुई झुई.

आणि एक दिवस? टप्! बाळकाकडी सुकली, गळली, खाली पडली.

"माझा झोका गेला!" इवली रडली. हुं हुं हुं.

शेजारी एक फूल उमललं होतं. पिवळं धम्मक! त्याच्या पाठीशीही एक बाळकाकडी.

"फुला, फुला, तुझं बाळ वाढव."

"वाढवीन की! पण आधी पराग आण. माझ्या मधल्या चिकट टोकावर पराग पडला, तरच बाळ वाढतं. आणि घाई कर हं! संध्याकाळी मी मिटणार."

इवली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

पलीकडे होतं नरफूल. त्याच्यापाशी बाळ नाही. पण पाकळ्यांच्या आत केसर. केसरावर पिवळी भुकटी. तोच पराग!

"नरफुला, नरफुला, पराग दे.
पराग येईल, तर बाळ वाढेल."

"घे की!"

इवलीनं उचलला. दोन पावलं गेली. सगळा सांडला!

"गुळगुळीत गं तू," नरफूल हसलं. "मधमाशीच्या अंगावर लव असते. लवेला पराग चिकटतो. आधी माशी आण."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"माशी, माशी, लवकर ये.
माशी येईल, तर पराग येईल.
पराग येईल, तर बाळ वाढेल."

"येईन की! पण मांडवात काळोख. फूल दिसतच नाही. आधी ऊन आण."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"उन्हा, उन्हा, लवकर ये.
ऊन येईल, तर माशी येईल.
माशी येईल, तर पराग येईल.
पराग येईल, तर बाळ वाढेल."

"येईन की! पण गोधडी आडवी आलीय. आधी गोधडी हटव."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"गोधडी, गोधडी, बाजूला हो.
गोधडी हटेल, तर ऊन येईल.
ऊन येईल, तर माशी येईल.
माशी येईल, तर पराग येईल.
पराग येईल, तर बाळ वाढेल."

"हटेन की! पण मी जाडजूड, ओलीचिंब. मला वेणूकाकूनं इथं वाळत घातलंय. आधी काकूला सांग."

वेणूकाकू अंगणात शेंगा सोलत होती. टक् टक्.

"काकू, काकू, इकडे बघ.
काकू बघेल, तर गोधडी हटेल.
गोधडी हटेल, तर ऊन येईल.
ऊन येईल, तर माशी येईल.
माशी येईल, तर पराग येईल.
पराग येईल, तर बाळ वाढेल."

काकूला ऐकूच आलं नाही. मुंगीचा आवाज तो केवढा!

आणि तिकडे? फुलाची एक पाकळी मिटली!

मग इवली चढली काकूच्या अंगठ्यावर. कच्!

"अगं बाई! कोण चावलं?"

इवली पळाली मांडवाकडे. काकू तिच्या मागे.

"अरे देवा! माझ्या गोधडीनं वेलाचं ऊनच अडवलं की!"

सर्रर्र! गोधडी हटली.
लख्ख! ऊन आलं.
गुंई गुंई! माशी आली.
भुरभुर! लवेवर पराग आला.

माशी फुलात शिरली. पराग चिकट टोकावर पडला. आणि फूल मिटलं.

आत काय झालं? श्शऽऽ! पराग हळूच खाली उतरला. खोल, खोल, बाळाच्या पोटात. तिथे इवल्या इवल्या बिया जाग्या झाल्या. कुणी पाहिलं? कुणीच नाही!

पण बाळ वाढलं. बोटाएवढं. हाताएवढं. बाई बाई, केवढं वाढलं!

काकूनं त्या काकडीला लाल दोरा बांधला. "हिला कुणी तोडायचं नाही. ही बियाण्याची. आणि झोका इवलीचा!"

झुई झुई, झुई झुई.

काकडी पिकली, पिवळी झाली. काकूनं कापली. आत बियाच बिया! एक बी इवलीच्या वारुळाशी मातीत पेरली.

इवली बघतच राहिली. एवढुशी बी! हिच्यात वेल. वेलावर फूल. फुलात पराग. आणि फुलाच्या पाठीशी?

इवलीचा नवा झोका!

बी गेली मातीत, गोष्ट राहिली कानांत.