न पेटणारा सोरा

"पेटत नाही म्हणजे खोटा!" निंबराज महाराजांनी मांडीवर थाप मारली. "आणि खोटा माल देणाऱ्याचा उजवा हात कलम! हा आमचा कायदा!"

दरबाराच्या मधोमध दोन परातींत दोन पांढऱ्या भुकट्या होत्या. बंदुकीच्या दारूत सोरा घालावा लागतो, आणि यंदा तो कुणाकडून घ्यायचा याची परीक्षा चालली होती. दारूखान्याचे कारभारी सखोपंत यांनी दोन्ही भुकट्यांना स्वतःच्या हातानं पलिता लावला. दोनशे पोती घेऊन आलेल्या त्यांच्या मेहुण्याची भुकटी भपकन पेटली. सटवाजीची ढिम्म हलली नाही. गेली तीस वर्षं जुन्या भिंतींची माती खरवडून, पाण्यात मुरवून, ते पाणी आटवून सोरा काढणारा हा माणूस. पण दरबारात त्याची वाचाच बसली. सखोपंतांना मात्र सोरा कशाशी खातात हेही ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांची जीभ सपासप चालत होती.

सटवाजीची लेक हौसा बापाच्या मागे दातओठ खात उभी होती. एवढी रेशमी पागोटी, आणि एकाखालीही मेंदू नसावा? तिला राहवेना.

"महाराज, सोरा एकटा कंदीच पेटत न्हाई," ती पुढे येऊन म्हणाली. "एकटा पेटला, तर त्यो सोरा न्हवंच!"

दरबार खो खो हसला.

"ऐकलंत, महाराज?" सखोपंत म्हणाले. "पेटतो तो खोटा आणि पेटत नाही तो खरा! उद्या म्हणेल, आंधळा घोडा शर्यतीला बरा!"

"पंत, सोरा कवा हातानं काढलाय का?"

"शी! गोठ्याच्या भिंती खरवडायला मी काय तुझा बाप आहे?"

"मग पारख करता कशानं? नाकानं? ते तर कायम आभाळाकडंच असतंय!"

महाराजांनी मिशीतलं हसू दाबलं, पण हट्ट सोडला नाही. एकदा बोलून गेले की चूक कबूल करायची नाही, हा त्यांच्या घराण्याचा जुना रोग होता. "पोरी, लई बोलतेस. मग हाच सोरा आमच्यादेखत जाळून दाखव. पण गंधक नको, कोळसा नको, दारूची चिमूटही नको! मागच्या खेपेला आमच्या मिशा होरपळल्या होत्या. सूर्य माथ्यावर येईपर्यंत तुझा सोरा जळला नाही, तर बापाचा हात गेला!"

सटवाजीनं डोळे मिटून घेतले. गंधक नाही, कोळसा नाही, मग उरलं काय? सखोपंत तर आनंदानं पोटावर हात फिरवू लागले.

हौसानं चौफेर नजर टाकली. महाराजांचं वजन जुन्या सिंहासनाला पेलेना, म्हणून दरबाराच्या कोपऱ्यात सुतार नवं सिंहासन तासत होते. तिथून तिनं कोरडा, बारीक भुसा ओंजळीनं उचलला. मग दोन्ही भुकट्या एकाच मापानं मोजून घेतल्या, दोन्हींत सारखाच भुसा चोळून एकजीव केला आणि फरशीवर सारख्या उंचीचे दोन ढीग रचले. बाजूला दोन रिकामी मडकी ठेवली.

"आता ढीग पेटवते आन् वर मडकं पालथं घालते," ती म्हणाली. "वारा बंद झाला की साधी आग गुदमरती. पर सोरा असंल तिथली आग आत बी चालूच ऱ्हाती. तिला भायेरचा वारा लागत न्हाई!"

"थापा!" सखोपंत ओरडले.

हौसानं आधी त्यांच्याच मेहुण्याचा ढीग पेटवला. झकास ज्योत उठली. मडकं पालथं पडलं आणि सगळं थंड! उचलून पाहिलं तर ढीग जवळपास तसाच, आणि दरबारभर घमघमाट.

"पंत, ह्यात तर कापूर हाय!" हौसा म्हणाली. "हा सोरा तोफंत घालायचा की आरतीला लावायचा?"

मग तिनं बापाचा ढीग पेटवला. फस्स! लगेच मडकं पालथं घातलं. पण आग कसली विझते? मडक्याच्या आत सूं सूं सुरू झालं, काठाखालून धुराचे फवारे सुटले, मडकं थडाथडा नाचू लागलं. शूर सरदार मागे सरले. सखोपंत खांबाआड गेले. आवाज थांबल्यावर हौसानं मडकं उचललं. खाली चिमूटभर राख!

महाराज उतरून आले. मेहुण्याच्या परातीतली भुकटी त्यांनी बोटावर घेऊन चाखली आणि तोंड वाकडं केलं. "थू! हे तर मीठ!"

तरी महाराजांचा पीळ जाईना. "ते असो. पण जे स्वतः पेटत नाही, ते दुसऱ्याला कसं पेटवेल? हे मला पटत नाही!"

"दरबारात बसून हे इचारता, महाराज?" हौसा म्हणाली. "पंत सवता एकदा तरी पेटून लढाईत उतरले का? न्हाई! पर तुमच्या कानाशी लागले, आन् तुमी कसे भडकला!"

महाराज असे हसले, असे हसले, की पागोटं कानावर आलं. त्यांनी सखोपंतांच्या कमरेचा दारूखान्याच्या किल्ल्यांचा जुडगा खेचून हौसाच्या हातात दिला. "आजपासून पारख तू करायची!"

"महाराज," सखोपंत रडकुंडीला आले, "मग मी कुठं जाऊ?"

महाराजांनी हौसाकडे पाहिलं.

"पंतांना मुदपाकखान्यात धाडा, महाराज," हौसा म्हणाली. "मेव्हण्याची दोनशे पोती हायेत. सात पिढ्या आमटी अळणी व्हायची न्हाई!"

महाराज पुन्हा गदगदा हसू लागले, आणि हसता हसताच त्यांनी आपल्या मनगटातलं सोन्याचं कडं काढून सटवाजीच्या उजव्या हातात चढवलं.